परीक्षेची तारीख आधी, तिकीट नंतर: जर्मनीत शिकता शिकता युरोप पाहणाऱ्यांसाठी

जर्मन विद्यापीठाच्या वेळापत्रकात फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जवळपास दोन महिने मोकळे दिसतात. उन्हाळ्यात तर जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तीन महिने. पुण्या-मुंबईहून नुकताच आलेला विद्यार्थी हे बघून हरखतो आणि लगेच स्वस्त तिकिटं शोधायला बसतो. चूक होते ती इथेच. या काळाला जर्मन लोक सुट्टी म्हणत नाहीत. त्यांचा शब्द आहे ‘फोरलेझुंग्सफ्राय’, म्हणजे व्याख्यानं नसलेला काळ. व्याख्यानं नसतात, एवढंच. लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, पंधरा-वीस पानांचे निबंध, प्रयोगशाळेतले सलग दोन आठवड्यांचे कोर्स, हे सगळं याच काळात येऊन बसतं.

कागदोपत्री हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सेमिस्टर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असं असतं. उपयोजित शिक्षणाच्या ‘होखशूले’ संस्थांमध्ये ते बहुतेक ठिकाणी महिनाभर आधी सुरू होतं. पण प्रवासाच्या दृष्टीने या तारखांचा फारसा उपयोग नाही. उपयोगाच्या तारखा तीनच: परीक्षेची नोंदणी कधी उघडते आणि कधी बंद होते, नोंदणी मागे घ्यायची शेवटची तारीख कोणती, आणि प्रत्यक्ष पेपर कधी. पेपरांच्या तारखा बऱ्याच विभागांत सेमिस्टर अर्धं उलटल्यावरच जाहीर होतात. त्याआधी काढलेलं भारताचं परतीचं तिकीट हा निव्वळ जुगार. फेब्रुवारीचा शेवट मोकळा असेल असं धरून डिसेंबरात तिकीट काढायचं, आणि जानेवारीत पेपर नेमका २७ फेब्रुवारीला लागायचा, हे दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं.

नोंदणी करून पेपरला गेलं नाही, तर निकालात ५.० लागतो (जर्मनीत १.० सर्वोत्तम), म्हणजे नापास. विमान चुकलं, गाडी रद्द झाली, घरी लग्न होतं, यातलं काहीही चालत नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालतं, तेही लगेच, ठरलेल्या दिवसांत आणि विद्यापीठाने सांगितलेल्या नमुन्यात दिलं तर. बहुतेक अभ्यासक्रमांत एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की तो अभ्यासक्रम तुमच्यासाठी संपला, आणि तोच किंवा त्याच्याशी मिळताजुळता अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे घेणंही अवघड होऊन बसतं. शिक्षणासाठी मिळालेला निवास परवाना अभ्यासक्रमावरच टिकून असतो. तेव्हा स्वस्त तिकिटापायी एक संधी घालवणं किती महागात पडतं, याचा हिशेब आधी करावा.

काही विभाग प्रत्येक पेपर दोनदा ठेवतात: व्याख्यानं संपल्यावर लगेच पहिली फेरी, आणि पुढचं सेमिस्टर सुरू व्हायच्या जरा आधी दुसरी. तसं असेल तर मधले चार-पाच आठवडे खरे मोकळे. निकाल यायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या फेरीच्या तारखाही प्रवास ठरवण्याआधी वहीत लिहून ठेवा. जो पेपर कठीण गेलाय असं वाटतं, त्याच्या दुसऱ्या फेरीआधीचे दहा दिवस तरी मोकळे हवेत.

आणखी एक तारीख सहज निसटते. पुढच्या सेमिस्टरसाठी ‘र्‍युकमेल्डुंग’, म्हणजे पुन्हा नाव नोंदवणं आणि सेमिस्टरची वर्गणी भरणं. उन्हाळी सेमिस्टरसाठी ही मुदत साधारण जानेवारी-फेब्रुवारीत आणि हिवाळीसाठी जून-जुलैत असते, नेमकी परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या धांदलीत. चुकली तर आधी दंड, आणि तरीही भरली नाही तर नाव कमी. वर्गणी बहुतेक ठिकाणी शंभर ते चारशे युरोंच्या दरम्यान असते. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिच्याशिवाय दर सेमिस्टरला १,५०० युरो शुल्कही असतं.

छोट्या सुट्ट्यांचा खरा हंगाम मे-जून. १ मे, त्यानंतर येणारा ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, मग फिंग्स्टेन (पेन्टेकॉस्ट) या ख्रिस्ती सणाचा सोमवार, आणि बायर्न (बव्हेरिया), हेसेन, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन अशा राज्यांत फ्रोनलाइखनाम या कॅथलिक सणाचा गुरुवार. गुरुवारी सुट्टी असली की शुक्रवार जोडून घ्यायची जर्मन लोकांचीही रीत आहे. त्या शुक्रवारी प्रयोगशाळा नसेल तर चार दिवस हाती लागतात. पण साऱ्या देशालाच ते चार दिवस मिळालेले असतात. तेव्हा या दिवसांची तिकिटं दोन-तीन महिने आधी घ्या. तितक्या आधी जमणार नसेल, तर सेमिस्टर तिकिटावर, म्हणजे वर्गणीतच मिळणाऱ्या स्थानिक प्रवासाच्या तिकिटावर, जवळपास कुठे तरी जावं. नाताळातही व्याख्यानं साधारण दोन आठवडे बंद असतात. गणपती ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात येतात, आणि पेपरांच्या दोन फेऱ्या नसतील तर त्या वेळी घरी जाणं बऱ्याचदा जमतं. दिवाळी मात्र हिवाळी सेमिस्टर नुकतं सुरू झालेलं असताना येते. ती जर्मनीतच साजरी करायची तयारी ठेवा.

कार्ड आणि नव्वद दिवस

शिक्षणाचा राष्ट्रीय व्हिसा, ज्याला सगळे ‘डी व्हिसा’ म्हणतात, बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांचा मिळतो. त्याच्यावर किंवा नंतर मिळणाऱ्या निवास परवान्याच्या प्लास्टिक कार्डावर इतर शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतल्या सीमांवर सहसा तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. जर्मनीतले दिवस या नव्वदांत धरत नाहीत. बाकीच्या सगळ्या शेंगेन देशांतले दिवस मात्र एकत्र मोजतात, आणि जायचा दिवस आणि यायचा दिवस दोन्ही पूर्ण धरतात. शुक्रवारी रात्री अकरा वाजता चेक सीमा ओलांडली आणि रविवारी परतलात, की तीन दिवस. अशा पंधरा सहली केल्या तरी पंचेचाळीसच दिवस होतात, म्हणजे शनिवार-रविवारच्या भटकंतीने मर्यादा कधीच ओलांडली जात नाही. ती ओलांडली जाते ती पाच महिन्यांच्या एक्स्चेंज सेमिस्टरने, म्हणजे दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात काढलेल्या सेमिस्टरने. त्याबद्दल पुढे सांगतोच.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. रुमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांसह पूर्णपणे आत आले. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. त्यांचा वेगळा व्हिसा लागतो, आणि डब्लिनचं तिकीट वीस युरोंना मिळालं म्हणून त्यात काही फरक पडत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक पहिल्याच हिवाळ्यात होते. सप्टेंबरच्या मध्यात सुरू झालेला सहा महिन्यांचा डी व्हिसा मार्चच्या मध्यात संपतो. कार्डासाठी ‘आउसलेंडरबेहोर्डे’, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ मिळायला मोठ्या शहरांत महिने लागतात. त्यानंतर कार्ड छापून यायला आणखी चार ते आठ आठवडे. विद्यार्थी फेब्रुवारीत भारतात जातो, मार्चच्या शेवटी परतायचं ठरवतो, आणि मधल्या मध्ये व्हिसा संपतो. मग मुंबईत बसून नवा व्हिसा काढण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. आणि त्याच आठवड्यात निवास परवान्याचा अर्जही टाकायचा. पहिल्या महिन्यात पॅरिस बघायला पळू नका. ते कुठे जात नाही.

व्हिसा संपण्याआधी अर्ज केला असेल आणि कार्ड यायचं असेल, तर कार्यालय ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ नावाचा घडीचा कागद देतं. त्याच्या आत तीन चौकोन असतात. तिसऱ्या चौकोनावर, म्हणजे निवास कायद्याच्या कलम ८१ पोटकलम ४ वर खूण असेल, तर जुना व्हिसा किंवा जुनं कार्ड, पासपोर्ट आणि हा कागद मिळून बाहेर जाऊन परत येता येतं. खूण पहिल्या दोन चौकोनांपैकी एकावर असेल तर देशाबाहेर पाऊल ठेवू नका. आपण ऑनलाइन अर्ज केल्याची नुसती पोच म्हणजे हा कागद नव्हे. विमानतळावरच्या कर्मचाऱ्याला हा फरक माहीत असेलच असं नाही, म्हणून कागद हातात असतानाही वाटेत विमान बदलावं लागणारा प्रवास टाळून थेट विमान घेतलेलं बरं.

जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं की निवास परवाना आपोआप रद्द होतो. जास्त राहायचं असेल तर जाण्याआधी कार्यालयाकडून लेखी मुदत वाढवून घ्यावी लागते.

सीमेवर कुणी विचारत नाही, हा समज आता जुना झाला. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. साल्झबुर्गहून म्युनिककडे येणारी गाडी फ्राइलासिंगला थांबते आणि पोलीस डब्यात चढतात. प्राग किंवा व्रोत्सवाफहून येणाऱ्या बसही थांबवतात. मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड, दोन्ही जवळ हवेत. मोबाइलमधला फोटो चालत नाही. मात्र दोन्ही एकाच पाकिटात ठेवू नका. एक कमरेच्या पट्ट्यात, दुसरं आतल्या खिशात. परदेशात पासपोर्ट हरवला तर जो आणीबाणीचा दाखला मिळतो तो फक्त भारतात परतण्यासाठी असतो. त्याने जर्मनीत येता येत नाही, आणि मग सगळा रस्ताच लांबतो.

दुखणं सीमा पाहून येत नाही

सरकारी आरोग्य विमा असेल तर कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य कार्ड छापलेलं असतं. त्याच्या आधारे इटलीत किंवा स्पेनमध्ये तातडीचे उपचार तिथल्या सरकारी व्यवस्थेत होतात. पण भारतीय पासपोर्टवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना हे कार्ड डेन्मार्क, नॉर्वे, आइसलंड, लिख्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये लागू होत नाही. नेमके हेच देश महागडे, आणि बर्फावर घसरून पाय मोडायची शक्यताही इथेच जास्त. शिवाय डोंगरातून हेलिकॉप्टरने उतरवणं किंवा रुग्णाला परत आणणं या कार्डात कुठेच बसत नाही. परदेश प्रवासाचा वर्षभराचा वेगळा आरोग्य विमा साधारण दहा ते वीस युरोंत मिळतो. तो एका सहलीपुरता नसतो, वर्षातल्या सगळ्या सहलींना चालतो. मात्र एका सहलीची कमाल लांबी ठरलेली असते, बहुतेक सहा ते आठ आठवडे. ती पॉलिसीत वाचून घ्या. खासगी विमा घेऊन आलेल्यांनी त्यात जर्मनीबाहेरचे दिवस किती, हे आधी विचारावं.

प्रवासातही क्रेडिट्स मिळतात

आमच्या मते शिकता शिकता युरोप बघायचा सगळ्यात चांगला मार्ग सुट्टीचा नव्हेच, अभ्यासाचा आहे. आणि भारतीय विद्यार्थी तो सगळ्यात कमी वापरतात, कारण इरास्मुस, म्हणजे काही महिने दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी युरोपीय संघाची योजना, फक्त युरोपीय मुलांसाठी आहे असा गैरसमज घट्ट बसलेला आहे. तसं नाही. जर्मन विद्यापीठात पदवीसाठी नाव असलेला कोणत्याही देशाचा विद्यार्थी अर्ज करू शकतो. मुक्काम दोन ते बारा महिन्यांचा, आणि शिक्षणाच्या एका टप्प्यात, म्हणजे उदाहरणार्थ पूर्ण मास्टर्समध्ये, एकूण बारा महिन्यांपर्यंत. जिथे जाता तिथे शिक्षण शुल्क लागत नाही, शिवाय दरमहा अनुदान मिळतं. अनुदानाचा मोठा भाग आधी आणि उरलेला शेवटचा अहवाल व कागदपत्रं दिल्यावर येतो. तेव्हा पहिल्या महिन्याचं भाडं आणि अनामत स्वतःच्या खिशातून भरायची तयारी हवी.

अर्जाची वेळ बहुतेक विभागांत वर्षातून एकदाच, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी. दोन वर्षांच्या मास्टर्सला ऑक्टोबरात प्रवेश घेतलेल्याने तिसऱ्या सेमिस्टरला बाहेर जायचं तर आल्यावर तीनच महिन्यांत अर्ज करावा लागतो. तोवर हातात एकही निकाल नसतो, म्हणून भारतातल्या पदवीचे गुण आणि हेतुपत्र यांवरच निवड होते. विभागातल्या इरास्मुस समन्वयकांना नोव्हेंबरातच भेटून घ्या. ‘हेर’ किंवा ‘फ्राउ’ लावून आडनावाने ईमेल लिहा. नुसत्या नावाने हाक मारणं त्या नात्यात बसत नाही.

कोणत्या सेमिस्टरला जायचं, हे ठरवताना दोन देशांची वेळापत्रकं एकमेकांवर ठेवून पाहा. स्वीडनचं शरद सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटाला सुरू होतं आणि जानेवारीच्या मध्यात संपतं. वसंत सेमिस्टर जानेवारीच्या मध्यात सुरू होतं. नेदरलँड्समध्ये दुसरं सेमिस्टर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. जर्मनीतले हिवाळी पेपर फेब्रुवारीत. म्हणजे वसंतात जायचं ठरवलं तर जर्मनीतल्या परीक्षा आणि तिकडची पहिली व्याख्यानं एकमेकांवर आदळतात. शरदात जाणं सोपं. जुलै-ऑगस्टात पेपर संपवून निघा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत परतून एप्रिलच्या सेमिस्टरला निवांत हजर व्हा. ज्यांचे उन्हाळी पेपर सप्टेंबरात असतात त्यांनी समन्वयकाला आधीच गाठून काही पेपर तोंडी किंवा लवकर देता येतील का, हे विचारून घ्यावं. काही प्राध्यापक तयार होतात. त्यांना मे महिन्यात विचारलं तर. जुलैत विचारलं तर नाही.

‘लर्निंग ॲग्रीमेंट’ हा या सगळ्याचा कणा. तिकडे कोणते विषय घेणार आणि इकडे कोणत्या विषयांऐवजी ते धरणार, हे त्यात तिन्ही पक्षांच्या सह्यांनी ठरतं: तुम्ही, तुमचं विद्यापीठ, तिकडचं विद्यापीठ. एका सेमिस्टरला साधारण ३० क्रेडिट्स, आणि जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. तिकडे पोचल्यावर हमखास काय बिघडतं? यादीतला एखादा विषय त्या वर्षी शिकवलाच जात नाही, दोन विषयांच्या वेळा एकच निघतात, किंवा विषय स्थानिक भाषेत निघतो. म्हणून मुळात दोन जादा विषय मंजूर करून ठेवा. बदल करायचा तर पहिल्या काही आठवड्यांत, आणि प्रत्येक बदलाची लेखी मंजुरी घेऊनच. ‘प्राध्यापक हो म्हणाले’ हे नंतर परीक्षा विभागाला पुरत नाही. विषयाचं पूर्ण वर्णन, म्हणजे तास, क्रेडिट्स, मूल्यमापनाची पद्धत, त्याच दिवशी उतरवून ठेवा. वर्षभराने संकेतस्थळावरून ते गायब होतं.

गुणांचं रूपांतर बऱ्याच ठिकाणी ‘सुधारित बायर्न सूत्रा’ने होतं. प्रवेशाच्या वेळी तुमच्या भारतातल्या गुणांना लावलं होतं तेच हे सूत्र. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्ण यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. दहापैकी कमाल दहा, उत्तीर्ण चार आणि मिळाले आठ, तर दोनला सहाने भागून, तीनने गुणून, एक मिळवून २.० येतात. ज्या देशात वरचे गुण सहसा कुणालाच देत नाहीत तिथे या सूत्राने नुकसान होतं. विद्यापीठ त्या देशासाठी वेगळा तक्ता वापरतं का, हे जाण्याआधी विचारा.

आता नव्वद दिवसांचा प्रश्न. एक्स्चेंज नव्वद दिवसांहून लांब असेल, तर नुसत्या जर्मन कार्डावर तिकडे राहता येत नाही. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशानुसार, इरास्मुससारख्या योजनेत असलेल्या विद्यार्थ्याला ३६० दिवसांपर्यंत दुसऱ्या सदस्य देशात केवळ पूर्वसूचना देऊन शिकता येतं. पण प्रत्येक देशाने तो आपापल्या रीतीने अमलात आणला आहे. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीतच. म्हणून निवड झाल्याचं पत्र मिळताच तिकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला दोनच प्रश्न विचारा: मी भारतीय नागरिक आहे आणि माझ्याकडे जर्मन विद्यार्थी निवास परवाना आहे, तर मला पूर्वसूचना पुरेल की व्हिसा लागेल, आणि अर्ज कुणी, कुठे, किती आधी करायचा? राष्ट्रीयत्व स्पष्ट लिहिलं नाही तर उत्तर जर्मन विद्यार्थ्याला द्यायचं तेच येतं आणि तुम्ही निर्धास्त बसता. जर्मन कार्डाची मुदतही परतीच्या तारखेपलीकडे हवी. ती मध्येच संपणार असेल तर जाण्याआधी वाढवून घ्या.

खोलीचंही बघावं लागतं. विद्यार्थी वसतिगृहाची खोली सहा महिने रिकामी ठेवून दोन्हीकडे भाडं भरणं परवडत नाही. पोटभाडेकरू ठेवायला घरमालकाची किंवा वसतिगृहाच्या संस्थेची लेखी परवानगी लागते. परवानगीशिवाय ठेवला तर खोली जाऊ शकते.

सहा महिने जमत नसतील तर इरास्मुसचाच छोटा प्रकार आहे, ‘ब्लेंडेड इंटेन्सिव्ह प्रोग्रॅम’. पाच ते तीस दिवस प्रत्यक्ष दुसऱ्या देशात, बाकी काम ऑनलाइन, आणि किमान तीन क्रेडिट्स. फेब्रुवारीचे पेपर संपल्यावर मार्चमध्ये दहा दिवस लिस्बनला किंवा क्राकूफला शिकायचं आणि पुढे आठवडाभर फिरायचं, हे यात सहज बसतं. आमचा स्वतःचा कल याच प्रकाराकडे आहे, कारण अभ्यासक्रम लांबत नाही. युरोपबाहेर जायचं असेल तर जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेच्या पैशांतून विद्यापीठं ‘प्रोमोस’ नावाचं अनुदान देतात, सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी. मात्र स्वतःच्या मायदेशी जायला ते मिळत नाही. भूगोल, वास्तुकला, पुरातत्त्व, वनशास्त्र अशा विभागांत ‘एक्सकुर्झिओन’, म्हणजे अभ्यास सहल, अभ्यासक्रमातच असते. तिच्या जागा मोजक्या असतात आणि यादी सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात भरते.

रूळ आणि हिशेब

बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टर वर्गणीतच ‘डॉइचलांड सेमिस्टर तिकीट’ असतं. त्याची किंमत देशभर चालणाऱ्या नेहमीच्या मासिक डॉइचलांड तिकिटाच्या ६० टक्के. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेलं ते नेहमीचं तिकीट २०२६ पासून महिन्याला ६३ युरो झालं आहे. सेमिस्टर तिकिटावर देशभरातल्या आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान या उपनगरी गाड्या, मेट्रो, ट्राम, शहर बस चालतात. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि फ्लिक्स या खासगी कंपनीच्या गाड्या चालत नाहीत. म्युनिकहून साल्झबुर्गपर्यंत ते चालतं. फ्रान्सच्या सीमेवरच्या केलपर्यंत जाऊन पुढे ऱ्हाइन ओलांडणाऱ्या ट्रामने स्ट्रासबुर्ग गाठता येतं, ट्रामचं तिकीट तेवढं वेगळं. ग्योर्लित्सला पूल चालत ओलांडला की पोलंड. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून देशांतर्गत सगळ्या बस, ट्राम आणि गाड्यांचा दुसरा वर्ग फुकट आहे.

तीन तासांपर्यंतच्या अंतराला या स्थानिक गाड्या उत्तम. त्यापुढे चार-पाच वेळा गाडी बदलणं आलं, आणि एक जोडणी चुकली की पुढचं सगळं कोसळतं. लांबच्या प्रवासाला ‘सुपर श्पारप्राइस’ तिकीट आधी घेतलं तर स्वस्त पडतं. ते ठरलेल्या गाडीलाच बांधलेलं असतं. पण तुमच्या शेवटच्या स्थानकावर २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ती अट सुटते आणि दुसरी गाडी घेता येते. तासभर उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के आणि दोन तास झाला तर ५० टक्के परत मिळतात. अर्ज मात्र आपणच करायचा असतो. परतीची जोडणी निवडताना दहा मिनिटांची निवडू नका, अर्ध्या तासाची निवडा. आणि पेपर सोमवारी असेल तर रविवारच्या शेवटच्या गाडीवर विसंबू नका. बानकार्ड, म्हणजे जर्मन रेल्वेचं सवलतीचं कार्ड, घेतलं असेल तर ते आपोआप पुढच्या वर्षी चालू राहतं. नको असेल तर मुदत संपायच्या महिनाभर आधी लेखी बंद करा.

तीन-चार आठवड्यांच्या सहलीला इंटररेल, म्हणजे अनेक देशांतल्या गाड्यांचा एकच पास, विचारात घ्या. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी युरेल. जर्मनीत कार्डावर राहणारा भारतीय विद्यार्थी इंटररेलच घेतो. २७ वर्षांपर्यंत तरुणांचा दर लागतो. राहत्या देशात या पासवर एकदा बाहेर जाणं आणि एकदा परत येणं एवढंच मिळतं. फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्यांत जागेचं आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. तिथेच पासचा फायदा आटतो. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, चेक, पोलंड अशा वाटेने गेलात तर पास वसूल होतो. स्वस्त विमानाच्या तिकिटात विमानतळाचं नाव नीट वाचा. फ्रांकफुर्ट-हान विमानतळ फ्रांकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे, आणि पॅरिस-बोव्हे पॅरिसपासून ऐंशीहून जास्त. रात्रीची बस आणि एक झोप यांचा खर्च तिकिटात मिळवून मगच स्वस्त की महाग ते ठरवा.

ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधी पैसे अडकवून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात. भाडं, विमा, जेवण जाऊन हाती फार थोडं उरतं. म्हणून प्रवासाचा पैसा कामातूनच उभा करावा लागतो. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पूर्ण वेळ काम करून साठवणं आणि त्याच काळातले दोन आठवडे फिरायला ठेवणं, हे गणित बहुतेकांना जमतं. एक धोका सांगायला हवा. विद्यार्थी परवान्यावर स्वतंत्र व्यवसायाला परवानगी नसते. प्रवासाचे व्हिडिओ टाकून त्यातून नियमित पैसे मिळवायचे असतील तर आधी आउसलेंडरबेहोर्डेकडून तशी लेखी परवानगी घ्यावी लागते.

जेवणाचं सामान पिशवीत असलं की खर्च निम्म्यावर येतो. होस्टेलच्या स्वयंपाकघरात भाजणी, पोहे, मेतकूट यांवर दोन दिवस आरामात निघतात. भारतातून येताना मात्र तूप, पेढे, खवा आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवासी सामानात आणायला बंदी आहे. जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात. उघडी सापडतात ती मोठ्या रेल्वे स्थानकांतली.

आणि संग्रहालयाच्या रांगेत उभं राहण्याआधी वयाची अट वाचा. फ्रान्समध्ये पॅरिसची लूव्र आणि ओर्से ही संग्रहालयं आणि व्हर्सायचा राजवाडा २६ वर्षांखालच्या युरोपीय रहिवाशांना फुकट आहेत. तिथे रहिवास बघतात, पासपोर्टचा रंग नाही. लूव्रला फुकट तिकिटासाठीही वेळ आधी राखावी लागते. इटलीच्या सरकारी संग्रहालयांतला दोन युरोंचा दर मात्र युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, तिथे जर्मन कार्ड कामाला येत नाही. माद्रिदचं प्रादो १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना फुकट आहे, विद्यार्थी ओळखपत्र दाखवलं की झालं. वय त्याहून जास्त असेल तर सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात सगळ्यांनाच फुकट. रांग अर्धा-पाऊण तास आधीच लागते.